प्रश्न गाळलेली उत्तरपत्रिका

संगणक किंवा मोबाइल इंटरनेटला कसा जोडावा हे सांगणारी पत्रके आता सर्वत्र भेटतात. कधी ती राउटरच्या खोक्यात असतात, कधी दुकानदाराच्या काउंटरवर, तर कधी शाळेतल्या संगणक प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक पत्रकांची धाटणी एकच आहे: सेटिंग्जमध्ये जा, अमुक ठिकाणी बोट लावा, तमुक अक्षरे भरा, सेव्ह करा, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. असल्या मजकुराचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. पण इंटरनेटशी अनेकांचा पहिला परिचय याच मजकुरातून होतो. शिवाय हीच धाटणी आता वर्गातही शिरली आहे. म्हणून शिक्षकांच्या मासिकात या पत्रकांचे परीक्षण करणे आम्हांला आवश्यक वाटते.

प्रथम त्यांच्या बाजूने. घाईत असलेल्या माणसाला चार ओळींत काम उरकून हवे असते, आणि बहुतेक वेळा ते उरकतेही. शिवाय आज हाताने भरायचे असे फारसे उरलेले नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळी डायल-अप जोडणीसाठी दूरध्वनी क्रमांक, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द आणि पुष्कळदा डीएनएस सर्व्हरचे आकडेही आपणच भरावे लागत. पुढे डीएचसीपी नावाची पद्धत रूढ झाली. तिचे पहिले प्रमाण १९९३ साली आणि सुधारित प्रमाण १९९७ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीत जाळ्यात नव्याने शिरणारा संगणक ‘मला कोणी पत्ता देता का?’ अशी हाक सर्वांना मारतो. मग घरातला राउटर त्याला लागणारे सगळे आकडे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतो. ही सोय उत्तमच आहे. आमचा आक्षेप सोयीला नाही. सोय झाली, आता समजून घेण्याची गरज उरली नाही, या समजुतीला तो आहे.

संगणकावरचे नेटवर्कचे पान उघडून पाहा. तेथे मुख्यतः चार ओळी दिसतात: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर. प्रत्येकीपुढे आकडे असतात. आकडे काय असावेत एवढेच पत्रक सांगते. वास्तविक ही चार प्रश्नांची चार उत्तरे आहेत. माझा पत्ता काय? माझ्या गल्लीत कोण कोण राहतात? गल्लीबाहेर जाण्याचे दार कोणते? आणि एखाद्याचे नाव ठाऊक आहे पण पत्ता ठाऊक नाही, तर तो कोणाला विचारायचा?

समजा, पत्ता १९२.१६८.१.७ आहे आणि मास्क २५५.२५५.२५५.० आहे. द्विमान पद्धतीत २५५ म्हणजे ओळीने आठ वेळा एक. याचा अर्थ पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ बिट हे गल्लीचे नाव आणि उरलेले ८ बिट हा घराचा क्रमांक. दोनचा आठवा घात २५६. त्यातले दोन क्रमांक राखीव असतात, म्हणून या गल्लीत २५४ यंत्रे मावतात. घातांक शिकलेल्या विद्यार्थ्याला हे सहज समजते. त्याच हिशेबाने ३२ बिटांत एकंदर सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जगाला ते पुरले नाहीत. वाटपासाठीचा त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. पण टंचाईची चाहूल आधीच लागली होती. १९९६ साली ठरलेल्या प्रमाणानुसार १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते आणि आणखी दोन गट फक्त खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवले गेले. गावोगावी मारुतीची गल्ली असते आणि तिच्यात सात नंबरचे घर असते, पण त्यामुळे टपाल चुकत नाही, तसेच हे आहे. घराबाहेर पडताना राउटर आतला पत्ता बदलून बाहेरचा लावतो. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिन्ही तासांना पुरेल एवढी सामग्री या चार ओळींत आहे. पत्रक तिला ‘तांत्रिक माहिती’ म्हणून बाजूला सारते.

दुसरा आक्षेप शब्दांबद्दलचा. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट नेम’ म्हणजे एपीएन नावाचा रकाना असतो. एअरटेलच्या ग्राहकाला तेथे ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ असे दिसते, तर जिओच्या ग्राहकाला ‘जिओनेट’. पहिले नाव एखाद्या संकेतस्थळासारखे वाटते, पण ते संकेतस्थळ नव्हे. मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून बाहेरच्या जाळ्यात जाण्याच्या दाराचे ते फक्त नाव आहे. त्यातले जीपीआरएस हे तर थ्रीजीच्याही आधीचे तंत्र. फोन फोरजी किंवा फाइव्हजी झाला तरी दारावरची जुनी पाटी तशीच राहिली. हे दोन वाक्यांत सांगता येते. ते सांगितले नाही, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती अक्षरे मंत्रासारखी होतात, आणि मंत्राविषयी प्रश्न विचारायचे नसतात असे तो मानून चालतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाककृती फसली तर काय करायचे, हे पत्रकात नसते. असते ते एकच वाक्य: ‘जवळच्या केंद्राशी संपर्क साधा.’ वास्तविक विज्ञानाची पद्धत शिकवायला याहून चांगला प्रसंग सापडणार नाही. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याचा अर्थ असा, की संगणकाने पत्ता मागितला, कोणीच दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. अशा वेळी तार, वायफाय आणि राउटर तपासावेत. पत्ता ठीक असेल तर पिंग या आज्ञेने आधी राउटरला हाक मारा. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला. शेवटी एखाद्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने. आकड्याला उत्तर आले आणि नावाला आले नाही, तर वाट मोकळी आहे, पत्ता सांगणारा मात्र गप्प आहे. दोष एकेका पायरीने कोपऱ्यात गाठायचा, हीच प्रयोगशाळेतली रीत. तिची मर्यादाही मुलांना सांगावी. काही यंत्रे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर येणे हा पुरावा आहे, पण न येणे हा दर वेळी पुरावा ठरत नाही.

पडद्यावरच्या ‘इंटरनेट नाही’ या सूचनेलाही हाच निकष लावावा. विंडोज १० मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या संकेतस्थळावरून तीन शब्दांची एक छोटी फाइल मागवून पाहते. ती आली तर इंटरनेट आहे, न आली तर नाही, असे अनुमान ती काढते. हे निरीक्षण नव्हे, अनुमान आहे. दोहोंतला फरक आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो, आणि संगणकाच्या तासाला विसरतो.

शेवटचा आक्षेप सुरक्षिततेचा. जो पत्ता सांगतो, तो आपल्याला हवे तेथे नेऊ शकतो. डीएनएस-चेंजर नावाच्या घातक प्रणालीने नेमके हेच केले. २००७ पासून पुढे तिने शंभराहून अधिक देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांवरचे डीएनएसचे आकडे गुपचूप बदलले. लोक योग्य नाव टाइप करीत आणि भलत्याच ठिकाणी पोचत. नोव्हेंबर २०११ मध्ये एस्टोनियातील टोळी पकडली गेली. त्या टोळीचे सर्व्हर एकदम बंद केले असते, तर बाधित संगणकांचे इंटरनेटच तुटले असते. म्हणून त्यांच्या जागी तात्पुरते निर्दोष सर्व्हर ठेवण्यात आले, आणि ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. आठ महिन्यांची मुदत मिळूनही तोवर जगभरात दोन लाखांहून अधिक संगणक दुरुस्त व्हायचे राहिले होते. दुरुस्ती म्हणजे त्या घातक प्रणालीचा बंदोबस्त करून एका ओळीतले आकडे बदलणे. पण त्या ओळीकडे पाहायचे असते, हेच अनेकांना ठाऊक नसावे. मोबाइलचीही गोष्ट वेगळी नाही. ‘नवी नेटवर्क सेटिंग्ज आली आहेत’ असा बनावट संदेश पाठवून फोनची वाहतूक परक्या सर्व्हरमार्गे वळवता येते, असे सप्टेंबर २०१९ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले. त्या डावात वापरणाऱ्याकडून एवढेच हवे होते, की त्याने न वाचता संमतीचे बटण दाबावे. आपली पत्रके नेमकी हीच सवय लावतात.

मग पत्रके फेकून द्यावीत का? नाही. शिक्षकांनी त्यांना दोन रकाने जोडावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला: हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे? दुसरा: हे उत्तर कोणी दिले, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? शाळेच्या संगणकावर आकडे बदलू नयेत, फक्त वाचावेत. मुलांना घरच्या संगणकाचा खासगी पत्ता वहीत टिपून आणायला सांगावे. दोघांच्या घरी एकच पत्ता निघण्याचा बराच संभव आहे. तसे झाले, तर दोन्ही घरी इंटरनेट कसे चालते, हे लगेच सांगून टाकू नये. त्यावर वर्गाला अर्धा तास वाद घालू द्यावा. पत्रकाने वाचवलेला वेळ कारणी लावण्याची याहून चांगली जागा आम्हांला दिसत नाही.