जवारी आणि वीज

विजेच्या गिटारीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा तिच्या नादाविषयी नसून तिच्या गोंगाटाविषयी असते. स्वतःला रसिक म्हणवणारा गृहस्थ ‘विकृत आवाज’ एवढे म्हणून मोकळा होतो. हा शब्द तसा खोटा नाही. ज्या पेटीत पाय दाबून वादक तो खरखरीत नाद काढतो, त्या पेटीचे इंग्रजी नावही तेच सांगते. परंतु नाद मुद्दाम बिघडवणे हा संगीतातला अपराध मानायचा, तर आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम मिरजेच्या तंबोरा-कारागिरांना उभे करावे लागेल.

तंबोऱ्याची तार घोडीवरून सरळ निघत नाही. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा एक धागा सरकवलेला असतो. तार हलली की त्या उतारावर घासत राहते आणि साधा टणत्कार बाजूला राहून वरच्या स्वरांचा एक झगझगीत पट्टा उमटतो. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला, तो याच कोड्यावर. तार जिथे छेडावी, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा युरोपीय शास्त्राचा नियम. तंबोरा तो नियम धाब्यावर बसवतो. सगळे उपस्वर हजर असतात. याचा अर्थ असा, की आपल्या गायनाची सारी पवित्र पार्श्वभूमी मुळात एका घर्षणावर, एका सुंदर बिघाडावर उभी आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अभिनंदनाचे लेख पुष्कळ आले. या बिघाडाचे कौतुक मात्र कोणी केलेले माझ्या वाचनात नाही.

आता गिटारीकडे येऊ. तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. तार हलते, चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांत वीज उपजते. ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका पिकअपवर येतो, तो त्याला ऐकूच येत नाही. म्हणजे तंबोऱ्याने मोडलेला नियम गिटार निमूटपणे पाळते. मग अॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून अधिक जोर दिला, की लहरीचे माथे छाटले जातात आणि नवे उपस्वर गर्दीने जन्माला येतात. जवारीचे काम इथे वीज करते.

साम्य इथेच थांबत नाही. अशा खरखरीत नादात षड्ज आणि गांधार एकत्र वाजवले तर चिखल होतो. षड्ज-पंचम वाजवले तर खाली आपोआप खर्जाचा षड्ज उभा राहतो. दोन स्वरांच्या कंपनांच्या फरकातून तो निघतो. जगभरच्या रॉक वादकांनी म्हणून षड्ज-पंचमाचीच जोडी पकडली. तंबोरा जुळवणाऱ्याला हे ऐकून नवल वाटू नये.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. गोंदियात आमचा हौशी मंडळींचा एक रविवारचा अड्डा आहे. बँकेतला एक, शाळेतला एक, राईस मिलमधला फिटर, दोन कॉलेजची पोरे. गोंदिया हावडा-मुंबई लोहमार्गावर, त्यामुळे कलकत्त्याची गिटार आणि मुंबईचे सामान दोन्ही आमच्या फलाटावर उतरते. पण खरा उद्योग पुढेच. मिलच्या आणि शेतपंपांच्या जळालेल्या मोटरी रिवाइंडिंग करणारा माणूस इथे गल्लोगल्ली सापडतो. अशाच एकाने आमच्यासाठी पहिला पिकअप गुंडाळला. तार एवढी बारीक, की चारदा तुटली. पाचव्या वेळी त्याने श्वास रोखून ती पुरी केली. तो पिकअप चिंधीसारखा कर्कश होता, पण ‘आपला’ होता. शिवाय तो गुणगुणत असे. भिंतीतली पन्नास आवर्तनांची वीज त्यात शिरे आणि पांढरी पाचपेक्षा किंचित चढा असा खर्ज अखंड चाले. साऱ्या देशाचा तंबोरा एकाच पट्टीत लागलेला आहे, हे मला तेव्हा कळले. पुढे त्याने दोन वेटोळी परस्परविरुद्ध गुंडाळून हा गुंजारव मारला. अमेरिकेत सेथ लव्हर या गृहस्थाने गिब्सन कंपनीसाठी 1955 मध्ये हीच युक्ती योजली होती. आमच्या कारागिराला ते नाव ठाऊक नव्हते आणि त्याचे काही अडलेही नाही.

या हौसेचे मी कौतुक करतो, म्हणून तिच्यावर टीका करण्याचा अधिकारही घेतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आमच्या अड्ड्याला नेमकी लागू नाही. आमचे दुखणे उलटे आहे. आम्ही अंगण सारवीत बसतो आणि नाचायचे राहून जाते. नवे पेडल आले की प्रत्येक जण तेच चार ठेके, त्याच दोन लकेरी वाजवून पाहतो. आवाज ‘उबदार’ की ‘काचेरी’ यावर तासभर वाद होतो. अख्खे गाणे मात्र कोणी वाजवीत नाही. तंबोऱ्याची जवारी कारागीर तासन्‌तास घासतो, पण शेवटी गवई येतो आणि गातो. आमच्याकडे गवई यायचाच राहिला आहे.

तो येईल तर कुठून येईल, याचा मला थोडा अंदाज आहे. भाऊबीजेनंतर अर्जुनी-मोरगावकडे मंडया भरतात, झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. उघड्या मैदानात हजारो माणसे, थंडी, जनरेटरची घरघर. तिथे टिकेल असा नाद लागतो. दंडारीच्या चाली वरच्या सुरात फेकायच्या असतात. आमच्यातल्या एका पोराने मागच्या हिवाळ्यात तशी एक चाल तार खेचून, मींड घेत वाजवली. पडदे बांधलेल्या वाद्यात मींड नाही, म्हणून आकाशवाणीने 1940 साली पेटीला दार बंद केले आणि ते उघडायला 1971 उजाडले. गिटारीवर तो आक्षेप टिकत नाही. पडदे असूनही तार बोटाने ताणली की दोन स्वरांमधली सारी जागा मोकळी होते. ब्रिजभूषण काब्रांनी तर तारेवर पोलादी कांडी सरकवून पडद्यांचा प्रश्नच निकालात काढला आणि राग वाजवले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त बासरी-संतूरच्या शेजारी त्यांची गिटार परकी वाटत नाही.

याच पोराचा अर्ज एका संस्थेच्या वाद्यवादन स्पर्धेतून परत आला. वाद्य ‘भारतीय नाही’ असा शेरा होता. त्या स्पर्धेत व्हायोलिनला प्रवेश होता आणि पेटीलाही होता. परीक्षकांनी वाद्य ऐकून नाकारले असते, तर मी वाद घातला नसता. त्याच्या आवाजात दोष आहेतच. तिसरी तार बसकी बोलते, मींडीच्या शेवटी स्वर जरा उतरतो. पण त्यांनी ते ऐकलेच नाही. पोराने त्याच आठवड्यात पिकअप पुन्हा उघडला आणि तिसऱ्या तारेखालचा चुंबक कागदाच्या दोन घड्या घालून वर उचलला. आता ती तार बोलते. मींडीचे अजून व्हायचे आहे.