पांढरं म्हणजे थंड

मुंबईकराच्या कानावर पावसाळ्यात जसं ‘कुलाबा, सांताक्रूझ’ पडतं, तसं चेन्नईकराच्या कानावर ‘नुंगंबाक्कम, मीनंबाक्कम’. फरक इतकाच की त्यांचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर. नुंगंबाक्कमच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात १७९२च्या मद्रास वेधशाळेचा ग्रॅनाइटचा खांब अजून उभा आहे. त्या खांबावरच्या उपकरणातून माणसं तारे पाहायची. आता आकाशातून खाली पाहिलेलं चित्र इथे वाचलं जातं. मला रसग्रहण करायचं आहे ते या चित्राचं.

१२ डिसेंबर २०१६ला ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्याला धडकलं. त्या दिवसाचं इन्सॅट-३डी उपग्रहाचं औष्णिक अवरक्त चित्र घ्या. बंगालच्या उपसागरावर पांढराशुभ्र लोळ. वाटतं, ऊन पडून ढग चमकताहेत. पण या चित्राला उन्हाशी देणंघेणं नाही. मध्यरात्रीही ते असंच निघतं. इथे पांढरं म्हणजे थंड. समुद्राचा पृष्ठभाग सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा, म्हणून काळपट; पंधराएक किलोमीटर उंचीवरचे ढगमाथे शून्याखाली सत्तर अंश किंवा त्याहूनही गार, म्हणून लख्ख. जितकं शुभ्र तितकं उंच, आणि बहुधा तितकंच धोक्याचं.

ही उलटी शुभ्रता टिपतं ते पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचं संयुग अर्धवाहक. सिलिकॉनला इथे काही दिसत नाही, १.१ मायक्रॉन तरंगलांबीच्या पलीकडे ते आंधळंच, आणि पृथ्वीची ऊब तर दहाएक मायक्रॉनवर सर्वाधिक. नुसत्या कॅडमियम टेल्युराइडचं ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे फारच जास्त. पारा टेल्युराइडला ते जवळजवळ नाहीच. १९५९च्या सुमारास इंग्लंडमधल्या मॅल्व्हर्न इथे संशोधक लॉसन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही मिसळून दाखवलं. पाच धातू-अणूंत चार पाऱ्याचे नि एक कॅडमियमचा ठेवला की अंतर ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येतं. नेमकं हवं तेवढं! दोघांच्या स्फटिकजाळीच्या मापात हजारात तीनाचाच फरक असल्यामुळे कोणतंही प्रमाण चालतं. तंबोऱ्याचा मणी सरकवून सूर जुळवावा, तशी या पदार्थाची नजर जुळवता येते. मला तरी सगळ्या अर्धवाहकांत हाच सर्वांत देखणा वाटतो.

नखरेही तितकेच. स्फटिक वाढवताना पारा उडून जायला बघतो. शिवाय इतक्या लहान ऊर्जा-अंतरावर स्वतःच्याच उबेने इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि खरा संकेत त्या गोंगाटात बुडतो. म्हणून संवेदकाला सुमारे शून्याखाली १७० अंशांपर्यंत गार ठेवावं लागतं. इन्सॅट-३डीचा सौरपंख एकाच बाजूला आहे तो याचसाठी. दुसऱ्या बाजूने शीतक थेट काळ्या अवकाशाकडे तोंड करून उष्णता सोडत बसतो.

आता या चित्राची मर्यादा. त्याचा एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर. नुंगंबाक्कम सगळं त्यात मावून उरेल. आणि त्याला दिसतो तो ढगाचा माथा, पोटातला पाऊस नाही. त्यासाठी चेन्नई बंदरावरचं डॉप्लर रडार पाहावं लागतं. वारा ओसरल्यावरही उंचावरच्या पातळ ढगांची चादर पांढरी दिसत राहते, आणि आपल्या मोबाइलवर तेच चित्र ‘महाभयंकर’ म्हणून फिरत असतं. तेव्हा पुढच्या वेळी असं चित्र आलं, की आधी कडेची तापमानाची पट्टी आणि वेळ वाचा; पुढे पाठवायचं की नाही ते मग ठरवा.