झाइमी लर्नर: कारकीर्द वाचताना दोन अडचणी

शहर नियोजनावर सेमिनार असला की ब्राझीलमधलं कुरितिबा येतंच, आणि त्यासोबत तिथले वास्तुविशारद महापौर झाइमी लर्नर. १९७२ मध्ये भर बाजारातला रस्ता एका वीकेंडमध्ये पादचाऱ्यांसाठी मोकळा केला, १९७४ पासून बसला स्वतंत्र मार्गिका दिल्या. पुण्यात २००६ ला सुरू झालेल्या बीआरटीची कल्पनाही मुळात तिथलीच. ‘एका माणसाची इच्छाशक्ती’ असा निष्कर्ष काढून स्लाइड संपते.

घटना खऱ्या आहेत, निष्कर्ष मला पटत नाही. तारखा लावून बघा. नियोजन संस्था १९६५ ची, आराखडा १९६६ चा. लर्नर महापौर झाले १९७१ ला. बरं, ते त्याच संस्थेतून आलेले. म्हणजे आराखडा तयार, तो कळणारी टीम तयार, आणि वर लष्करी राजवट, कारण पहिल्या दोन्ही वेळा लर्नर नेमलेले महापौर होते, निवडून आलेले नव्हे. रस्ता बंद होतोय म्हणून चिडलेल्या दुकानदारांना मतपेटीतून राग काढायची सोयच नव्हती. आपल्या भाषेत हा सरळ कन्फाउंडर झाला. १९८८ मध्ये ते निवडणूक जिंकले, त्यामुळे लोकप्रियता खोटी म्हणता येत नाही. पण ती कामानंतरची. तिला कामाचं कारण कसं म्हणायचं?

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते: सिस्टिमची सीमा. बसमार्गांलगत उंच इमारतींना परवानगी होती. सोय आली, जागेचे भाव चढले, आणि गरीब कुटुंबं शेजारच्या नगरपालिकांच्या हद्दीत गेली. आपण आकडे घेतो पालिकेच्या आतले! कॅलरीमीटरमधून बाहेर जाणारी उष्णता न धरता एनर्जी बॅलन्स जुळला म्हणण्यासारखंच हे. १९७० मधलं सुमारे ६ लाखांचं शहर २०१० पर्यंत साडेसतरा लाखांवर गेलं. महानगर प्रदेश ३० लाखांच्या पुढे. या उरलेल्या लोकांचा बसप्रवास कुठल्या तक्त्यात आहे?

आणि हे लर्नर यांच्या हाताबाहेरचं होतं असंही नाही. १९९५ ते २००२ ते पाराना राज्याचे गव्हर्नर होते, म्हणजे शहर आणि शेजारच्या नगरपालिका दोन्ही त्यांच्या राज्यात. त्याच काळात मोटारींचे मोठे कारखाने शेजारच्या साओ जोसे दोस पिन्याइसमध्ये आले. कारकिर्दीचा हा टप्पा मला एकाही सेमिनारच्या स्लाइडवर दिसलेला नाही.