आज्ञापालनाचे मानसशास्त्र : मिलग्रॅम यांचे प्रयोग आणि राळेगणसिद्धीचा दाखला

प्रस्तावना

अधिकारी व्यक्तीची आज्ञा माणसे का पाळतात, या प्रश्नाची चर्चा स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या नावाशिवाय पूर्ण होत नाही. त्यांचे प्रयोग पदवीच्या वर्गात शिकविले जातात. परंतु विद्यार्थ्यांच्या लक्षात बहुधा ६५ टक्के हा एकच आकडा राहतो, आणि माणूस स्वभावतःच आज्ञाधारक आहे असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. हा निष्कर्ष कितपत टिकतो, हे मिलग्रॅम यांच्याच प्रयोगांच्या आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका अनुभवाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रयोग आणि उपपत्ती

मिलग्रॅम यांनी १९६१ साली येल विद्यापीठात प्रयोगांना आरंभ केला. स्मरणशक्तीचा अभ्यास चालू आहे असे सांगून सहभागी व्यक्तीला ‘शिक्षक’ केले जाई. पलीकडच्या खोलीतील ‘विद्यार्थी’ चुकला की त्याला १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत चढत जाणारे विजेचे धक्के द्यावयाचे असत. धक्के खोटे होते आणि विद्यार्थी हा नट होता. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ४० पैकी २६ पुरुष शेवटच्या कळीपर्यंत गेले. १९७४ च्या ग्रंथात मिलग्रॅम यांनी याची उपपत्ती मांडली : आज्ञा पाळणारा स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे केवळ साधन मानू लागतो आणि कृत्याची जबाबदारी वरच्याकडे सोपवून मोकळा होतो.

ही उपपत्ती त्यांच्याच इतर प्रयोगांशी जुळत नाही. संशोधक दूरध्वनीवरून सूचना देऊ लागला तेव्हा अखेरपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांशावर आले. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा ४० पैकी केवळ चौघे शेवटपर्यंत गेले. दोन संशोधकांतच मतभेद झाला तेव्हा तर एकही गेला नाही. जेरी बर्गर यांनी २००९ साली हा प्रयोग मर्यादित स्वरूपात पुन्हा केला. त्यात ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही’ हे सर्वांत हुकुमी वाक्य ऐकल्यावर कोणीही पुढे गेले नाही. जीना पेरी यांनी मूळ ध्वनिफिती व कागदपत्रे तपासून, संशोधक ठरलेल्या संहितेबाहेर जाऊन सहभागींची मनधरणी करीत असे, हेही दाखविले. अलेक्झांडर हॅस्लम व स्टीफन रायकर यांचे प्रतिपादन या पार्श्वभूमीवर अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या मते माणसे हुकुमापुढे वाकत नाहीत. एखादे उदात्त कार्य आपले मानतात आणि त्या कार्यासाठी अधिकाऱ्याला साथ देतात.

राळेगणसिद्धीचा दाखला

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे हे प्रतिपादन प्रयोगशाळेबाहेर तपासता येते. १९७५ साली सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या हाती कोणतेही पद नव्हते. स्वतःच्या पैशातून यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार, श्रमदान आणि पाणलोटाची कामे यांतून त्यांचा अधिकार उभा राहिला. ‘गावाचे भले’ हे ध्येय ग्रामस्थांनी आपले मानले. नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी ही बंधने त्यातूनच स्वीकारली गेली. दुष्काळी गाव पाण्याने व पिकांनी समृद्ध झाले, हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु याच ध्येयाच्या नावाने दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके देण्यात आले. हजारे यांनी हे कधी लपविले नाही; नोव्हेंबर २०११ मध्येही त्यांनी या उपायाचे जाहीर समर्थन केले. आजारी मुलाला कडू औषध पाजणाऱ्या आईचा दृष्टान्तही त्यांनी दिला आहे. येल येथे जे काम ‘विज्ञान’ या शब्दाने केले, तेच येथे ‘गाव’ या शब्दाने केले. फटके देणारा स्वतःला क्रूर समजत नाही. तो स्वतःला सेवक समजतो.

येथेच दोन्ही उपपत्तींची मर्यादा दिसते. दोन्ही कळ दाबणाऱ्याकडे पाहतात. खांबाला बांधलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर त्यांच्यात नाही, कारण प्रयोगातील पीडित हा नट होता आणि तो संध्याकाळी घरी जात असे. गावातील पीडिताला त्याच गल्लीत राहावयाचे असते. त्याचे मौन संमती म्हणून मोजले जाते.

दुसरा मुद्दा विरोधाचा आहे. प्रयोगात नकार देणारे दोन शेजारी पुरेसे ठरले. असे शेजारी गावात कोठून यावेत? मुकुल शर्मा यांनी २००६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधील लेखात राळेगणच्या नैतिक सत्तेची चिकित्सा करताना तेथील एकमताच्या दबावाकडे लक्ष वेधले होते. बिनविरोध निवडणूक हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहता ती नकार देणाऱ्या शेजाऱ्याची अनुपस्थितीही असू शकते.

समारोप

विरोधाने विधायक अधिकार कोसळतो ही भीती मात्र अनाठायी आहे. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे सुमारे तीन दशकांनंतर, जानेवारी २०२१ मध्ये, ग्रामपंचायतीसाठी प्रत्यक्ष मतदान झाले आणि पोपटराव पवार यांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. त्यांचा अधिकार मतपेटीतून तावून सुलाखून बाहेर पडला. ज्याला नकार देता येतो त्याच अधिकाराला मिळालेला होकार अर्थपूर्ण असतो.

मिलग्रॅम शिकविताना ६५ टक्क्यांबरोबरच ४० पैकी चौघांचा तो प्रयोगही शिकविला पाहिजे. पहिल्या आकड्यातून विद्यार्थी माणसाविषयी निराश होतो. दुसऱ्यातून त्याला स्वतःचे कर्तव्य कळते. महाविद्यालयाचा वर्ग हीसुद्धा एक अधिकारव्यवस्था आहे आणि तिच्यात नकाराला जागा ठेवणे हे अध्यापकाच्याच हाती असते.