‘हे तर कुणीही करेल!’

इलेक्ट्रॉनिक संगीतावरचा नेहमीचा आक्षेप असा : ‘बटणं दाबायची, त्यात काय? हे तर कुणीही करेल.’ जिथे हा आक्षेप सर्वांत बळकट वाटतो, तिथेच तो तपासू.

अमेरिकन संगीतकार आल्विन ल्यूसियर यांची १९६९ची रचना आहे, ‘आय अ‍ॅम सिटिंग इन अ रूम’. ते खोलीत बसून काही वाक्यं बोलतात, ध्वनिमुद्रित करतात. ते मुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित करतात. मग त्याचं पुन्हा, असं कितीतरी वेळा. दर फेरीत खोली काही स्वर उचलून धरते, बाकीचे गिळते. शेवटी शब्द विरतात आणि खोलीचा नाद उरतो.

हे कुणीही करेल का? जरूर करेल. खोली कुठलीही, मजकूर कुठलाही, अशी मुभा ल्यूसियर यांनीच दिलीय.

मग कला कुठे आहे? बघा, ल्यूसियर बोलताना अडखळत. शब्द गेल्यावरही बोलण्याची लय बराच वेळ टिकते आणि तिच्यात ते अडखळणंही. एरवी ज्याला आपण दोष म्हणतो, ते इथे ऐकण्याजोगं होतं. काय ठेवायचं, कुठे थांबायचं, हे यंत्र ठरवत नाही. ते कानानं ठरवावं लागतं.

वाईट इलेक्ट्रॉनिक संगीतही असतंच. पण ते सोपं असतं म्हणून वाईट नसतं. करणाऱ्यानंच ते नीट ऐकलेलं नसतं, म्हणून वाईट असतं. ‘कुणीही करेल’ म्हणणाऱ्यानं तरी ते शेवटपर्यंत ऐकलंय का?