प्रयोजक कर्ता कोठे आहे? : युवक-मार्गदर्शन योजनांच्या प्रशिक्षणवाङ्मयाची चिकित्सा

‘मेंटॉर’ हा शब्द मुळात विशेषनाम आहे. होमरच्या ‘ओडिसी’त या नावाचा एक वृद्ध गृहस्थ येतो. ट्रॉयच्या युद्धास निघताना ओडिसियसने आपले घरदार त्याच्यावर सोपविले, आणि वीस वर्षांत त्या घराची जी दशा झाली ती पाहता या गृहस्थाने आपले काम चोख बजावले असे म्हणवत नाही. राजपुत्र टेलेमाकसला जो धीर मिळतो, जो सल्ला मिळतो, तो मेंटॉरचे रूप घेऊन आलेल्या अथीना देवीकडून. शहाण्या मार्गदर्शकाची जी मूर्ती आज या नावाशी निगडित आहे ती होमरने घडविलेली नव्हे. चौदाव्या लुईच्या नातवाचा शिक्षक असलेल्या फेनेलाँची ‘तेलेमाक’ ही कथा १६९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला मेंटॉर पानोपानी उपदेश करतो, आणि या ग्रंथाच्या लोकप्रियतेमुळे अठराव्या शतकात हे नाव युरोपीय भाषांत सामान्यनाम होऊन बसले. ‘मेंटी’ हा त्याचा जोडीदार तर त्याहून पुष्कळच अर्वाचीन. ‘एम्प्लॉयर’ आणि ‘एम्प्लॉयी’ यांच्या धर्तीवर तो बनविताना ‘मेंट’ असा कोणताही धातू नाही, याची कोणी पर्वा केलेली दिसत नाही.

ही व्युत्पत्ती केवळ हौसेखातर सांगितलेली नाही. मूळ कथेत रूप एकाचे आणि प्रेरणा दुसऱ्याची, अशी रचना आहे. आजच्या युवक-मार्गदर्शन योजनांतही रचना तीच आहे. पुढे दिसतो तो मुलाबरोबर आठवड्याचे दोन-चार तास घालविणारा स्वयंसेवक. त्याला निवडणारा, शिकविणारा, जोडीला बसविणारा आणि तो कंटाळला की त्याच्याशी बोलणारा मनुष्य मागे राहतो. या दुसऱ्या मनुष्याच्या व्यावसायिक शिक्षणाचा विचार या विषयावरील वाङ्मयात कितपत झाला आहे, हा येथे प्रश्न आहे.

या चळवळीचा उगम सामान्यतः १९०४ साली धरला जातो. न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील कारकून अर्नेस्ट कूल्टर यांनी न्यायालयापुढे येणाऱ्या मुलांसाठी सज्जन नागरिकांना ‘थोरला भाऊ’ होण्याचे आवाहन केले. त्यातून वाढलेली ‘बिग ब्रदर्स’ ही संस्था १९७७ मध्ये भगिनीसंस्थेशी एकरूप झाली. या संस्थेच्या आठ शाखांतील १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलांची पाहणी टिअर्नी, ग्रॉसमन व रेश यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्म्या मुलांना मार्गदर्शक दिला गेला आणि उरलेल्यांना दीड वर्ष थांबविण्यात आले. मार्गदर्शक मिळालेल्यांत अमली पदार्थांचे सेवन नव्याने सुरू होण्याचा संभव ४६ टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा पुढे असंख्य देणगीपत्रकांवर झळकला. परंतु हे यश संस्थेच्या निवडीच्या, प्रशिक्षणाच्या व देखरेखीच्या कसोशीच्या पद्धतीशी बांधलेले आहे, ही अहवालकर्त्यांनी त्याच अहवालात नोंदविलेली अट मात्र पत्रकांवर आली नाही. फळ उचलले गेले, झाड तेथेच राहिले.

त्या अटीचा अर्थ ग्रॉसमन व ऱ्होड्स यांच्या २००२ मधील निबंधाने उघड केला. त्याच सामग्रीकडे त्यांनी कालावधीच्या दृष्टीने पाहिले. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या संबंधांत लाभ सर्वांत जास्त दिसले. आणि जे संबंध अल्पावधीतच तुटले त्यांतील मुले काही बाबतींत आधीपेक्षाही खालावली. म्हणजे हे काम ‘झाले तर बरे, न झाले तरी तोटा नाही’ अशा जातीचे नाही. जोन मॅककॉर्ड यांनी १९७८ साली हीच गोष्ट अधिक कठोरपणे दाखवून दिली होती. केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासात १९३९ ते १९४५ या काळात मुलांच्या घरी सल्लागार जात, त्यांना उन्हाळी शिबिरांस पाठवीत, अभ्यासात मदत करीत. एकूण ५०६ मुलांपैकी अर्ध्यांना ही मदत मिळाली. तीस वर्षांनी माग काढला तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती मद्यासक्ती, मानसिक आजार, अकाली मृत्यू अशा अनेक बाबतींत न मिळालेल्यांहून वाईट निघाली. आणि तरीही त्यांच्यापैकी सुमारे दोनतृतीयांश लोक म्हणत होते की त्या मदतीने आपले भले झाले. कृतज्ञता हा परिणामाचा पुरावा नव्हे, हे या क्षेत्रात पदार्पण करणाऱ्याने पहिल्याच दिवशी शिकावयाचे आहे. तथापि योजनांच्या वार्षिक अहवालांत आजही मुख्य पुरावा म्हणून कृतज्ञतेचीच पत्रे छापली जातात.

अनेक पाहण्यांची बेरीज करणाऱ्या अभ्यासांनी उत्साह आणखी खाली आणला. डुबॉय व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ७३ मूल्यमापने एकत्र केली, रपोझा व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ७०. दोहोंतून निघालेला सरासरी परिणाम ०.२१, म्हणजे लहानच. पण सरासरीच्या पोटात मोठी विषमता आहे. काही योजना खरोखर उपकारक आहेत, काही निष्फळ. एक जात दुसरीपासून वेगळी कशामुळे होते याची चर्चा करू लागले की बोट पुनःपुन्हा योजना चालविण्याच्या रीतीकडे वळते. रेने स्पेन्सर यांनी २००७ साली अकाली तुटलेल्या जोड्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत स्वयंसेवकाने मुलाला वाऱ्यावर सोडणे, अपेक्षाभंग, कुटुंबाचा हस्तक्षेप, सांस्कृतिक अंतर ओलांडता न येणे ही कारणे आहेतच. शिवाय संस्थेकडून पुरेसा आधार न मिळणे हे स्वतंत्र कारण आहे. वस्तुतः इतर कारणांपैकी बहुतेकही वेळीच कोणी लक्ष घातले असते तर आटोक्यात आली असती.

हे लक्ष घालणारा ‘कोणी’ प्रशिक्षणग्रंथांत शोधू गेल्यास व्याकरणच आड येते. या क्षेत्रातील प्रमाणभूत मार्गदर्शिका म्हणजे ‘एलिमेंट्स ऑफ इफेक्टिव्ह प्रॅक्टिस फॉर मेंटरिंग’. तिची पहिली आवृत्ती १९९० ची, चौथी २०१५ ची. स्वयंसेवक मिळविणे, त्यांची पारख, प्रशिक्षण, जोडी लावणे, देखरेख व आधार, आणि समाप्ती, अशी सहा मानके तीत आहेत, आणि प्रत्येकाखाली निकष आहेत. त्या निकषांच्या वाक्यांचा कर्ता ‘प्रोग्रॅम’ हा आहे. ‘प्रोग्रॅम’ स्वयंसेवकास जोडी लावण्यापूर्वी किमान दोन तासांचे समक्ष प्रशिक्षण देतो. ‘प्रोग्रॅम’ त्याच्याशी ठराविक अंतराने संपर्क ठेवतो. इंग्रजीला अचेतन कर्ता सहज पेलतो. मराठीत हे वाक्य जसेच्या तसे ठेवले तर ते लंगडू लागते: कार्यक्रम होतो, ठरतो, रद्द होतो, फार तर रंगतो, कार्यक्रम कोणाला दूरध्वनी करीत नाही. भाषांतर करणाऱ्यास ‘कार्यक्रम चालविणाऱ्याने’ असा सचेतन कर्ता घालावाच लागतो, आणि तो घातल्याबरोबर मूळ ग्रंथाने न विचारलेले प्रश्न उभे राहतात. हा चालविणारा कोण? त्याच्या हाताखाली जोड्या किती? त्याला हे कोणी शिकविले?

मराठी व्याकरणाने या कर्त्यासाठी नाव तयार ठेवले आहे. करणारा आणि करविणारा यांतला भेद दाखविणाऱ्या रूपाला प्रयोजक क्रियापद म्हणतात, आणि करविणारा तो प्रयोजक कर्ता. (वृत्तपत्रांतला ‘प्रायोजक’ म्हणजे पैसे देणारा, योजनांच्या फलकावर त्याचे नाव असतेच.) मार्गदर्शक-योजना चालविणारा मनुष्य स्वतः मार्गदर्शन करीत नाही, करवितो. ही दोन कौशल्ये भिन्न आहेत. उत्तम स्वयंसेवकालाच बढती देऊन संयोजक करण्याची सर्वत्र आढळणारी चाल या भेदाच्या अज्ञानातून आलेली आहे. मुलाचे मन ओळखणाऱ्यास दुसऱ्या प्रौढाचा हिरमोड ओळखता येईलच असे नाही, आणि त्या प्रौढाला न दुखविता जाब विचारता येईल असे तर मुळीच नाही.

करविण्याचे हे शास्त्र किती सूक्ष्म असावे लागेल याची कल्पना एका पारिभाषिक शब्दावरून येते. जोडी संपविण्याला या वाङ्मयात ‘क्लोजर’ म्हणतात. मराठीत त्याचे ‘समापन’ केले तर शब्द बरोबर, पण तो दप्तराचा. मुलाच्या बाजूने जे घडते त्याला मराठीत निरोप म्हणतात. निरोपाची मराठी रीत अशी की निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ हे अशुभ. वर्षाच्या शेवटी कोणी स्वयंसेवक मुलाच्या दारातून ‘येतो’ म्हणून निघाला, तर तो सभ्यतेने वागला असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. परंतु वडील, मामा किंवा शिक्षक असेच ‘येतो’ म्हणून गेलेले ज्या मुलाने पाहिले आहेत, त्याच्या कानावर एक वचन पडले, आणि ते मोडणार आहे. तेव्हा शेवटची भेट कोणत्या शब्दांत व्हावी, ती शेवटची आहे हे मुलाला किती आधी सांगावे, आईने ते सांगावे की दादाने, हे संयोजकाने स्वयंसेवकाला शिकवावयास हवे. अमेरिकन मार्गदर्शिका समाप्तीच्या पद्धती नीट आखून देते, हे तिचे श्रेय आहे. पण या ‘येतो’ची अडचण तिच्यात सापडणार नाही, आणि सापडावी अशी अपेक्षाही अन्यायाची होईल. ती येथील पुस्तकात सापडली पाहिजे.

‘दादा’ हे संबोधनही असेच तपासून घेण्याजोगे आहे. न्यूयॉर्कचा ‘थोरला भाऊ’ हे रूपक होते. मराठीत दादा म्हटले की रूपक संपते आणि नाते सुरू होते. सणावाराला त्याची वाट पाहिली जाते, आणि एक वर्षाची मुदत हा व्यवहार घरात कोणालाच समजत नाही.

जीन ऱ्होड्स यांचे ‘ओल्डर अँड वायझर’ (२०२०) हे या विषयावरील अलीकडच्या पुस्तकांत सर्वांत निर्भीड म्हणावे लागेल. स्वतः ज्या क्षेत्रात आयुष्य घालविले त्याच्या मैत्रीप्रधान कल्पनेवर त्या टीका करतात आणि म्हणतात की निव्वळ सहवासावर भिस्त ठेवण्याऐवजी विशिष्ट अडचणीवर विशिष्ट, पुराव्याने सिद्ध झालेला उपाय योजावा, आणि मार्गदर्शकाने मुलाला त्या उपायाचा सराव करण्यास आधार द्यावा. टीका मान्य होण्यासारखी आहे. उपाय मात्र अर्धा वाटतो. कारण कोणत्या मुलाला काय हवे हे ठरविण्याचा भार त्यामुळे वाढतो, आणि तो पडतो संयोजकावर. पुस्तकाचा भर काय करावे यावर आहे. ते करवून घेणारा मनुष्य कसा घडवावा हा प्रश्न त्या मानाने मागे राहतो. या बाबतीत थॉमस केलर यांचा २००५ मधील निबंध अधिक उपयोगी आहे, जरी तो कमी वाचनीय असला तरी. मुलगा, मार्गदर्शक, पालक आणि संस्थेचा कार्यकर्ता या चौघांचे एक जाळे त्यांनी कल्पिले, आणि कार्यकर्त्याला जाळ्याबाहेर उभा न करता आत बसविले. पोर्टलंड राज्य विद्यापीठात संयोजकांसाठी भरविलेल्या त्यांच्या उन्हाळी वर्गामागे हीच दृष्टी आहे: थोडे अनुभवी कार्यकर्ते, काही संशोधक, आणि आठवडाभर समोरासमोर चर्चा. असा वर्ग मूठभरांनाच लाभतो हे उघड आहे. पण संयोजक हा संशोधनाचा निव्वळ ग्राहक नसून त्याचा साक्षीदार आहे, एवढे तेथे गृहीत धरले गेले.

येथील विद्यापीठांत या शब्दाचा प्रवेश निराळ्या दाराने झाला. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ मध्ये सुधारलेल्या चौकटीत विद्यार्थी व मेंटॉर यांचे गुणोत्तर विचारलेले होते, आणि तेव्हापासून महाविद्यालयीन प्राध्यापक एका परिपत्रकाने मेंटॉर झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील मेंटॉर-विषयक अभियान तर अध्यापकांनाच ज्येष्ठांचे साहाय्य मिळावे म्हणून आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ दशकभरात रूढ झाले. त्यांना वेगळी नावे देण्याची तसदी कोणी घेतली नाही. ‘मार्गदर्शक’ हा शब्द पीएच.डी.ने आधीच अडविलेला, ‘गुरू’ला मुदत नाही, आणि घाटातला ‘वाटाड्या’, जो वाट माहीत असल्यामुळे बरोबर येतो आणि पायथ्याशी परत फिरतो, तो अर्थाने सर्वांत जवळचा असूनही कोणाच्या मनात येत नाही.

गुणोत्तर मागितले की गुणोत्तर मिळते. वीस-पंचवीस नावांची यादी, भेटींच्या तारखा, सह्या. अशा एका योजनेचे संयोजकपद ज्याच्याकडे येते त्याला यादी करण्याची पद्धत कळविली जाते. पहिल्या सत्रानंतर भेटीस येणे बंद केलेल्या विद्यार्थ्याविषयी त्याच्या मेंटॉरशी काय बोलावे, हे त्याला कोणी कळवीत नाही. मराठीत या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहावयाचे झाल्यास त्याचे पहिले प्रकरण त्या संभाषणाचे असावे, आणि त्यासाठी लागणारी उदाहरणे जमविण्याचे काम वसतिगृहांतून व रात्रशाळांतून, जुन्या अधीक्षकांच्या आठवणी टिपून, भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही करता येण्यासारखे आहे.