राखेतला दगड

वाशीमच्या जुन्या माणसाला गाव म्हटले की दोन माती आठवतात : शेताची काळी आणि गावठाणाची पांढरी. काळीने पीक दिले, पांढरीने घरे दिली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती आणि शेणमाती पोटात घेऊन फिकट झालेल्या या मातीतूनच वऱ्हाडातल्या गढ्यांचे जाडजूड बुरूज उठले. अल्कलीने जागवलेल्या बांधकाम-साहित्याकडे, म्हणजे जिओपॉलिमरकडे, मला या पांढरीच्या ओळखीनेच पाहावेसे वाटते. कारण त्याचेही मूळ राखेतच आहे.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात, पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. तिथे दगडी कोळसा जळतो, वीज तारांवरून निघून जाते आणि राख मागे राहते. अशा राखेची एक चिमूट आपण बोटांत घोळवू. चुलीतली राख खरखरीत लागते, ही मात्र तलम पिठासारखी निसटते. सूक्ष्मदर्शक या निसटण्याचे कारण दाखवतो : कण बहुतेक गोल आहेत, मण्यांसारखे. कोळशातला मातीचा अंश ज्वाळेत वितळतो आणि त्याचा थेंब हवेत तरंगत असतानाच निवतो, म्हणून हा गोलावा. काही मणी पोकळ, तर काहींच्या पोटात आणखी चिमुकले मणी! इतक्या घाईने निवताना स्फटिक जुळायला अवकाश मिळत नाही. सिलिका आणि ॲल्युमिना बहुतांशी काचेच्या रूपातच थिजून राहतात. हे अपुरेपणच पुढे कामी येते.

त्या काचेला जाग आणतो कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांचा दाट द्राव. मण्यांची कवचे विरघळतात, सिलिका आणि ॲल्युमिना सुटे होतात आणि ऑक्सिजनचा हात धरून पुन्हा एका त्रिमितीय जाळीत गुंफले जातात. ॲल्युमिनियमपाशी उरलेला ऋणभार सोडियम तोलून धरतो. कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांनी १९५०च्या दशकात या वाटेने बांधकाम-साहित्य घडवले, आणि जिओपॉलिमर हे नाव पुढे फ्रान्सच्या जोसेफ दाव्हिदोव्हित्स यांनी दिले. पण मला अधिक मोह पडतो तो अल्कली या शब्दाचा. तो अरबीतून आला आणि मुळात खारट वनस्पती जाळून उरलेल्या राखेचे ते नाव. राखेला जागे करणाऱ्याचे नावही राखच!

आता पाण्याकडे वळू. सिमेंटच्या घट्ट होण्यात पाणी स्वतः बांधले जाते, म्हणून गवंडी भिंतीवर दिवसचे दिवस पाणी मारत राहतो. इथे पाणी केवळ वाहक. द्राव कणाकणापर्यंत पोचवून त्यातले बरेचसे निघून जाते. साठ-ऐंशी अंश उष्णतेत एका दिवसात ठोकळा चांगली ताकद धरतो, आणि पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी (स्लॅग) मिसळली तर साध्या हवेतही घट्ट होतो. उन्हाळ्यात हंड्यांची रांग पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना हा गुण किती शीतल वाटावा!

आणि अग्नी? सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांवर भाजावी लागते, तेव्हा तिच्या अंतरंगातला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. राख मात्र आपली अग्निपरीक्षा आधीच देऊन आलेली असते. म्हणूनच की काय, आगीच्या झळा आणि आम्लाचा दाह हा ठोकळा साध्या सिमेंटपेक्षा अधिक धीराने सोसतो. त्याचा स्वभाव तिखट आहे, हेही प्रेमाने जाणून घ्यावे : कॉस्टिक सोडा हात भाजतो, हातमोज्यांवाचून त्याच्याशी सलगी नको; आणि प्रमाण चुकले तर उरलेला क्षार ठोकळ्याच्या अंगावर पांढऱ्या मिठासारखा फुटतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२० साली कारखान्यात ओतून घडवायच्या वस्तूंसाठी याची मार्गदर्शिका काढली, तीही ही सावध मैत्री सोपी व्हावी म्हणूनच.

असा एखादा करडा ठोकळा पांढरीच्या ढेकळाशेजारी ठेवून पाहावा. रंग जवळजवळ एकच. राखेची आणखी एक ओळख घरातली : घरोघरी बाया डेऱ्यातल्या कडधान्यात राख कालवून ठेवत, कीड लागू नये म्हणून. बियाणे त्या राखेत पुढच्या मृगापर्यंत सुखरूप राही. राख आणि राखणे हे शब्द मराठीत इतके शेजारी का नांदतात, ते त्या डेऱ्यात हात घातला की कळायचे. ठोकळ्यावरून बोट फिरवताना मला तोच थंड स्पर्श आठवतो.